रोजच्या जेवणातलं लोह अंगी कसं लागेल?

भाकरतुकडा

हिमोग्लोबिन कमी आलं की घरोघरी ठरलेली तिकडी निघते: बीट, डाळिंब, खजूर. रंग लाल म्हणून रक्त वाढणार, असा हिशोब. 100 ग्रॅम बिटात लोह जेमतेम पाऊण मिग्रॅ असतं, डाळिंबाच्या दाण्यांत त्याहून कमी. त्याच घरात डब्यात मटकी, हुलगे, बाजरी पडून असतात, त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यातले आकडे देतो. सगळे मिग्रॅमध्ये, 100 ग्रॅम कच्च्या पदार्थामागे आणि ढोबळ: हुलगे 8.8, मटकी 7.9, अख्खा मसूर 7.6, हरभरा 6.8, बाजरी 6.4, मेथीची पानं 5.7, शेवग्याचा पाला आणि नाचणी 4.6, पोहे 4.5, ज्वारी 4, पालक 3. पांढरा तांदूळ 0.65, म्हणजे सोडूनच द्या.

आता एक साधा दिवस धरू. सकाळी 50 ग्रॅम पोहे, दुपारी मेथीची भाजी आणि वरण, रात्री 30 ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, दिवसभरात मिळून 100 ग्रॅम बाजरीच्या भाकऱ्या. बेरीज साधारण 17 मिग्रॅ होते. शरीराची रोजची गरज, म्हणजे आतड्यातून रक्तात पोचलेलं लोह, पुरुषाला सुमारे 1 मिग्रॅ आणि पाळी येणाऱ्या बाईला दीड ते दोन. 17 पैकी दहा टक्के लागलं तर 1.7, जवळपास भागलं. पाच टक्के लागलं तर 0.85, आणि रोज थोडी थोडी उधारी सुरू. ताट तेच.

वनस्पतीतलं लोह परिस्थितीनुसार 2 टक्क्यांपासून 20 टक्क्यांपर्यंत लागतं. धान्य-कडधान्यांतलं फायटेट आणि चहा-कॉफीतली टॅनिनं त्याला धरून ठेवतात, सी जीवनसत्त्व त्याला सोडवतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला होता. या सगळ्याच लोहाच्या कमतरतेच्या नसतात, पण मोठा वाटा तिचा. म्हणून हा धागा नवीन पदार्थ शोधण्यासाठी नाही. आहे त्या ताटात काय जवळ आणायचं, काय लांब ठेवायचं, एवढ्यापुरता ठेवू या.

कोकमआगळ

चांगला विषय. लिंबाबद्दल थोडं खोलात लिहिते, कारण "वरून लिंबू पिळा" एवढ्यावर सगळे थांबतात.

अर्ध्या लिंबाचा रस 15 ते 20 ग्रॅम निघतो, त्यात सी जीवनसत्त्व 7 ते 10 मिग्रॅ. शोषणात नीट फरक दिसायला एका जेवणात 25 ते 50 मिग्रॅ तरी हवं. म्हणजे पोह्यांवर चार थेंब हा शास्त्रापुरता विधी झाला. अख्खं लिंबू पिळलंत तरी अर्धंच काम होतं. पेरूचं गणित बघा: 100 ग्रॅमला 200 मिग्रॅच्या वर. मध्यम पेरूची एक चतकोर फोड जेवणाबरोबर खाल्ली की विषय संपला. जेवणानंतर दोन तासांनी फळ म्हणून खाल्लेला पेरू या कामाचा नाही. लोह आणि सी एकाच वेळी पोटात हवेत.

आवळा हिवाळ्यात किसून कोशिंबिरीत घाला, एक आवळा दोघांना पुरतो. उकडून पाकात मुरवलेला मोरावळा चवीला ठीक, पण उष्णतेत आणि साठवणीत सी बरंच गेलेलं असतं. लिंबूही गॅस बंद करून, भांडं खाली उतरवल्यावरच. फोडणीत किंवा उकळत्या आमटीत पिळलेलं लिंबू आंबट करतं, बाकी फार काही करत नाही.

आणि आंबट म्हणजे सी असं धरू नका. चिंच, कोकम, आमसूल यांत सी नगण्य. कच्चा कोबी, ढोबळी मिरची, कच्चा टोमॅटो, मूठभर कोथिंबीर यांची कोशिंबीर त्यापेक्षा कामाची. दही घालू नका असं नाही, पण पाठोपाठ ग्लासभर दूध पिऊ नका. कॅल्शियम मोठ्या प्रमाणात त्याच वेळी आलं की लोह मागे पडतं.

नवखी_गृहिणी

सकाळचे पोहे आणि चहा हे वेगळं करणं आमच्याकडे तरी अशक्य आहे. दुधाचा चहा असेल तर चालतो ना? दूध टॅनिन मारतं असं वाचलं होतं.

भाकरतुकडा

दुधाने फारसा फरक पडत नाही, नवखीताई. जेवणाबरोबरचा चहा लोहाचं शोषण निम्म्याहून जास्त पाडतो, कॉफी त्याहून थोडी कमी. कडक उकळून केलेला आपला चहा तर जास्तच, कारण पूड जितकी उकळेल तितकं टॅनिन सुटतं. ग्रीन टीलाही सूट नाही.

मग दोन मार्ग. उठल्या उठल्या चहा आणि तासाभराने नाश्ता. किंवा आधी नाश्ता आणि दीड-दोन तासांनी चहा. पहिला मार्ग घरात टिकतो, कारण सकाळचा पहिला चहा कुणाचा तुटत नाही. चहाच्या कपात बुडवायला मात्र खारी-टोस्टच ठेवा, त्यात वाया जाण्यासारखं लोह मुळात नसतं. पोहे, थालीपीठ, नाचणीची आंबील, डोसा हे चहापासून लांब.

दुपारच्या जेवणावर लगेच "अर्धा कप" घेण्याची ऑफिसातली सवय सगळ्यात नडते. डब्यातली उसळ आणि भाकरी दिवसातलं सर्वांत लोहदार जेवण असतं आणि त्याच्याच डोक्यावर चहा ओतला जातो. तोच कप चार वाजता घ्या, बाकी काही बदलू नका.

पाटा_वरवंटा

मोडांबद्दल. कडधान्य भिजलं आणि मोड आले की दाण्यातलाच फायटेज नावाचा विकर फायटेट तोडायला लागतो. पण त्याला वेळ आणि ऊब दोन्ही लागतं. नुसतं तासभर गरम पाण्यात भिजवून कुकरला लावलं तर काही झालेलं नसतं, कारण शिजवताना विकर मरतो.

मटकी एक वाटी निवडून, धुऊन, तिप्पट पाण्यात 8 ते 10 तास. एप्रिल-मे मध्ये 6 पुरतात. भिजवलेलं पाणी टाका. चाळणीत पाच मिनिटं पूर्ण निथळू द्या. ही पायरी बहुतेक जण उरकतात आणि तिथेच बिघडतं. मग ओल्या पण पिळलेल्या सुती फडक्यात सैल बांधून, वर झाकण कलतं ठेवून उन्हाळ्यात 10-12 तास, पावसाळ्यात 16, पुण्या-नाशिकच्या थंडीत 24 पर्यंत. थंडीत पुरचुंडी बंद ओव्हनमध्ये किंवा तांदळाच्या डब्याशेजारी ठेवा.

तार सुटली, आंबूस वास आला तर पाणी राहिलं होतं किंवा गाठ घट्ट होती. असं कडधान्य धुऊन वापरू नका, टाका. अर्ध्याच दाण्यांना मोड आले तर माल जुना. सेंटीमीटरभर मोड पुरे. त्याहून लांब वाढवून फायदा वाढत नाही, उसळ मात्र गिळगिळीत होते. गर्भवती, लहान मुलं आणि म्हाताऱ्या माणसांना कच्चे मोड देऊ नका. जिवाणूंना ती ऊब-ओल आपल्यापेक्षा जास्त आवडते. वाफवून द्या. आणि शिजायला सोडा घालू नका, बी-1 जीवनसत्त्व त्यात जातं.

नाचणीचं वेगळं प्रकरण आहे. तिच्या तांबड्या सालीतच टॅनिन आणि फायटेट दोन्ही भरलेलं, म्हणून नाचणीतलं लोह साध्या भाकरीतून फार कमी लागतं. ती खा जरूर, पण कॅल्शियमसाठी. त्यात तिचा हात धरणारं धान्य नाही, 100 ग्रॅमला 364 मिग्रॅ. लोहही हवं असेल तर नाचणी 12 तास भिजवून, 24 ते 36 तास मोड आणून, सावलीत खडखडीत वाळवून, मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजून दळा. वाळवताना ओल राहिली तर पिठाला आठवड्यात बुरशी येते. दाणा दाताखाली कट्कन तुटला पाहिजे. किंवा चार चमचे पीठ वाटीभर ताकात रात्रभर आंबवून सकाळी आंबील करा. इडली-डोशाच्या पिठातही आंबवण्याने हेच साधतं.

चिकटगूळ

गूळ कसा विसरलात सगळे? गूळ-शेंगदाणे, गुळाचा चहा, बाळंतिणीचे डिंकाचे लाडू. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय.

भाकरतुकडा

गुळात 100 ग्रॅमला साडेचार मिग्रॅच्या आसपास. आपण खातो 10 ग्रॅमचा खडा, म्हणजे अर्धा मिग्रॅ, त्यातलं लागणार किती ते वर आलंच आहे. 100 ग्रॅम गूळ खाल्ला तर साखरेचा वेगळा धागा काढावा लागेल. गुळाचा चहा हा तर स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घेण्याचा प्रकार: लोह आणि टॅनिन एकाच कपात. तिळगुळाच्या वडीत तिळाचं लोह खरं, पण तिळालाही फायटेट आहे. आवडतं म्हणून खा, औषध म्हणून नको.

बिडाचा_तवा

लोखंडी कढईचं कुणी लिहिलं नाही अजून. तिचा उपयोग होतो, पण सगळ्या पदार्थांत नाही.

लोखंड सुटायला तीन गोष्टी लागतात: ओल, आंबटपणा आणि वेळ. कोकम घातलेली आमटी, टोमॅटोची भाजी, ताकातली पालेभाजी, कढी 15-20 मिनिटं रटरटली की लोह चांगलं उतरतं. तव्यावर भाकरी भाजली, कढईत भजी तळली तर जवळजवळ काही नाही. तेलाचा थर मध्ये असतो आणि पाणीच नसतं. "आम्ही लोखंडी तवाच वापरतो" या समाधानाला म्हणून फारसा अर्थ नाही.

नवी कढई आधी कारखान्याचं तेल आणि पावडर जाईपर्यंत साबण आणि नारळाच्या शेंडीने घासा, गॅसवर कोरडी करा, तेल लावून धूर येईपर्यंत तापवा, गार करा, पुन्हा लावा; तीन-चार फेऱ्या. पदार्थ झाला की दुसऱ्या भांड्यात लगेच काढा. कढईतच ठेवलेली आमटी तासाभरात काळपट होते आणि तोंडात नाण्यासारखी लागते. वांगं, केळफूल, सुरण अशा तुरट भाज्या त्यात काळ्याठिक्कर पडतात. टॅनिन आणि लोखंड मिळून तो रंग येतो, म्हणजे ते लोह तुमच्या वाट्याचं गेलं. तांबूस गंज दिसला तर घासून काढा, तो खाण्याचा नाही.

घेताना बघून घ्या: काळ्या रंगाची प्रत्येक कढई लोखंडी नसते. काळं हिंडालियम (अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू) हलकं असतं आणि चुंबक चिकटत नाही. एनॅमलचा थर असलेलं बीड दिसायला देखणं, पण त्यातून लोह सुटत नाही. किती सुटतं हे पदार्थागणिक इतकं बदलतं की "कढईने इतके मिग्रॅ मिळतात" असे आकडे कुणी दिले तर दुर्लक्ष करा.

सुकट_बोंबील

मांसाहारी मंडळींसाठी. मटण, कलेजी, तिसऱ्या (शिंपल्या) यांतल्या लोहाचा जो भाग रक्तरंगाशी बांधलेला असतो तो 15 ते 35 टक्क्यांपर्यंत लागतो आणि चहा-फायटेट त्याला फारसे अडवत नाहीत. त्याहून उपयोगी गोष्ट अशी की मांस-मासळी ताटात असली की शेजारच्या भाजी-भाकरीतलं लोहही जास्त लागतं. त्यासाठी अर्धा किलो मटण आणायची गरज नाही. मूठभर जवळा (सुकवलेली बारीक कोळंबी) भाजून चवळीच्या पाल्यात, सुकट वांग्यात, करंदी कांद्यात: कोकणात हे रोजचं आणि स्वस्तातलं. जवळा आधी कोरडा भाजून, मग दोनदा पाण्यातून काढा, मीठ आणि रेती दोन्ही जातात. रक्तदाब असेल तर भाजीत वेगळं मीठ घालू नका.

अंड्याकडून लोहाची अपेक्षा नको. पिवळ्या बलकातलं लोह त्यातल्याच एका प्रथिनाला घट्ट चिकटलेलं असतं. अंडं प्रथिनासाठी आणि बी-12 साठी. कलेजीत अ जीवनसत्त्व फार, त्यामुळे गर्भवतीने, विशेषतः पहिल्या महिन्यांत, टाळावी.

सूक्ष्मदर्शक

प्रयोगशाळेच्या बाजूने काही. हिमोग्लोबिनची सीमा गर्भवती नसलेल्या बाईला 12, गर्भवतीला 11, पुरुषाला 13 ग्रॅम प्रति डेसीलिटर. शिबिरात बोट टोचून केलेली तपासणी अंदाजाची. थेंब येईना म्हणून बोट पिळलं की पेशींभोवतीचं पाणी मिसळतं आणि आकडा खोटाच कमी येतो. शिरेतलं रक्त देऊन सीबीसी (रक्तपेशींची पूर्ण मोजणी) करा.

अहवालात एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान, बघा. 80 च्या खाली म्हणजे तांबड्या पेशी लहान: लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिनचा सौम्य आनुवंशिक दोष). 100 च्या वर म्हणजे बी-12 किंवा फोलेटकडे बघा. शुद्ध शाकाहारी घरांत हे सर्रास दिसतं आणि तिथे पालक-बाजरी कितीही खाल्ली तरी हिमोग्लोबिन हलत नाही. दोन्ही एकदम कमी असतील तर एमसीव्ही मधोमध येऊन फसवतो.

एमसीव्हीला तांबड्या पेशींच्या संख्येने (दशलक्षात) भागा. उत्तर 13 च्या खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरची शंका घ्या आणि एचबी-ए2 ची तपासणी करा. उदाहरण: एमसीव्ही 64, पेशी 5.8, भागाकार 11. असा माणूस धडधाकट असतो, हिमोग्लोबिन साडेदहा-अकरावर आयुष्यभर स्थिर असतं आणि दर तपासणीत कुणीतरी त्याला लोहाच्या गोळ्या लावून देतं. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचीही तपासणी करून मगच लोह.

शरीरातला लोहाचा साठा कळतो फेरिटिन या रक्ततपासणीवरून. 15 नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या खाली साठा संपला असं जागतिक आरोग्य संघटना धरते. बरेच डॉक्टर 30 च्या खालीच उपचार सुरू करतात. ताप, सर्दी, संसर्ग चालू असताना फेरिटिन फुगून येतं, तेव्हा ती तपासणी नको.

आणि एक न चुकवण्याचं: पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत लोह कमी निघालं तर ताटात कारण शोधत बसू नका. पोटातून, आतड्यातून रक्त जातंय का ते आधी बघावं लागतं. तरुण बाईला दर दोन तासांनी पॅड बदलावा लागत असेल, गाठी जात असतील, तर तिथेही स्वयंपाकघर पुरं पडणार नाही.

दोन_पोरांची_आई

मुलगा अडीच वर्षांचा, दिवसाला लिटरभर दूध पितो, जेवत नाही. डॉक्टरांनी दूध कमी करा सांगितलं, पण तेवढंच तर पोटात जातं. काय करावं?

पाटा_वरवंटा

ताई, ते दूधच जेवण खातंय. दुधात लोह जवळपास नाही, त्याने पोट भरतं आणि वरून कॅल्शियम आड येतं. वर्षाच्या पुढच्या मुलाला दिवसाला 400-500 मिली पुरे. वर्षाच्या आतल्या बाळाला वरचं दूध प्यायला देऊच नये.

एकदम तोडू नका. आधी रात्रीची बाटली बंद, कपाने सुरुवात. मग दर तीन-चार दिवसांनी 100 मिली कमी. दूध जेवणानंतर, जेवणाआधी नाही. पहिले चार-पाच दिवस रडारड होणारच, तेव्हा बिस्किटाने समजूत काढली की सगळं मुसळ केरात. मोड आलेल्या मुगाचं धिरडं, मसुराच्या डाळीची खिचडी वर तूप आणि लिंबू, भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ केळ्यात कालवून. अख्खे शेंगदाणे-फुटाणे या वयात नकोत, घशात अडकतात. नाचणीसत्त्वावर भिस्त ठेवू नका: गाळून घेतलेल्या सत्त्वात चोथ्याबरोबर लोहही निघून जातं. माती, खडू, भिंत खातो का ते बघा आणि डॉक्टरांना सांगा. जंताचं औषधही विचारून घ्या.

बिडाचा_तवा

अवांतर, पण लिहायलाच हवं. रेशनच्या तांदळात काही वर्षं थोडे वेगळे, जरा पिवळट-पांढरे दाणे दिसत, धुताना कधी तरंगत. ते "प्लास्टिकचा तांदूळ" म्हणून वेचून फेकले जात. ते तांदळाच्याच पिठाचे यंत्रातून काढलेले दाणे आहेत, त्यात लोह, फोलिक आम्ल आणि बी-12 मिसळलेलं. साधारण 100 दाण्यांत एक असे. एक किलो मिश्र तांदळात लोह 28 ते 42.5 मिग्रॅ ठरवलेलं होतं. असे दाणे दिसले तर तांदूळ दोनदा हलक्या हाताने धुवा, चोळू नका, आणि पेज काढून टाकायची पद्धत असेल तर ती पेज प्या.

बाजरी पेरणाऱ्यांसाठी: धनशक्ती नावाचा वाण जास्त लोहासाठीच निवडलेला आहे, महाराष्ट्रात 2012 मध्ये आला, किलोला सुमारे 71 मिग्रॅ लोह.

नवखी_गृहिणी

माझं हिमोग्लोबिन 9.1 आलंय. वरचं सगळं केलं तर किती दिवसांत 12 होईल?

सूक्ष्मदर्शक

9.1 वर आहाराने वाट बघू नका, डॉक्टरांना दाखवून गोळी सुरू करा. जेवणातून दिवसाला एखादा मिग्रॅ जादा लागेल. तुमची तूट शेकड्यांत आहे. गोळीने साधारण महिन्याभरात हिमोग्लोबिन एक ते दोन ग्रॅमने वाढायला हवं. वाढलं नाही तर गोळी पोचत नाही किंवा निदान चुकलंय.

गोळी उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर. चहा, दूध, अ‍ॅसिडिटीची गोळी, कॅल्शियमची गोळी यांत दोन तासांचं अंतर. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर आणि लोह झोपताना, असं वाटून घेतलं की गोंधळ होत नाही. मळमळलं तर जेवणानंतर घ्या. थोडं कमी लागेल, पण टाकून देण्यापेक्षा बरं. शौचाला काळं होणं अपेक्षित आहे. रोज त्रास होत असेल तर एक दिवसाआड चालेल का ते डॉक्टरांना विचारा. एका मोठ्या डोसानंतर आतडं सुमारे 24 तास लोहाला दार लावून घेतं, त्यामुळे एकाआड एक दिवस घेतलेल्या गोळीतलं प्रमाणात जास्त लागतं.

12 दिसलं की गोळ्या बंद करू नका. साठा भरायला त्यापुढे आणखी तीन महिने लागतात, आणि बंद करण्याआधी फेरिटिन करून घ्या.